बाबांचं बोट हललं, ते रिपोर्टमध्ये नाही

प्रश्न : माझ्या बाबांना (वय ६४) अकरा दिवसांपूर्वी पक्षाघात झाला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डावा हात-पाय गेला. दवाखान्यात पोचायला उशीर झाला, त्यामुळे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता आलं नाही. चौथ्या दिवशी ताप आला, न्यूमोनिया निघाला. तो आता आटोक्यात आहे. मी सगळे रिपोर्ट एका वहीत उतरवते. दाखल करताना साखर २१८, एचबीए१सी ७.९. सीआरपी (अंगात संसर्ग किंवा दाह किती आहे ते दाखवणारं) चौथ्या दिवशी ९६ होतं, आता २२. चौथ्या दिवशीच्याच पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के, म्हणजे गुणोत्तर ८.४. हे गुणोत्तर पाचाच्या वर गेलं की पेशंट सुधारत नाही, असं मी वाचलं. डी-डायमर वाढलंय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी आहे. आता भाऊ म्हणतो, 'न्यूरोफिलामेंट' नावाची नवी रक्ततपासणी आहे, ती केली की बाबा चालतील की नाही ते कळेल. खर्च बराच आहे. करावी का? बाबा रोज विचारतात, "माझा हात येईल का गं?" काय सांगू? काल व्यायाम घेताना त्यांचं बोट किंचित हललं असं मला वाटलं, पण ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही.

उत्तर :

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तिथे, जरा चाचरतच लिहिली आहे. त्या बोटाकडे मी येणार आहेच. आधी तुम्ही सरळ विचारलंय त्याचं सरळ उत्तर देते : बाबा चालतील का हे कळावं एवढ्याच हेतूने न्यूरोफिलामेंटची तपासणी करू नका. ते पैसे पुढच्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवा.

भाऊ चुकीचं काही ऐकून आलेला नाही, हेही सांगते. तपासणी खरी आहे आणि तिच्यामागचं विज्ञानही चांगलं आहे. मेंदूतल्या पेशींना लांबलचक तंतू असतात, एका पेशीचा निरोप दुसरीकडे पोचवणारे. त्या तंतूंना आतून आधार देणारं एक प्रथिन म्हणजे न्यूरोफिलामेंट. तंतू तुटले की ते बाहेर सांडतं आणि त्याचा अगदी बारीकसा अंश रक्तात उतरतो. इतका बारीक, की तो मोजता येईल अशी यंत्रं अलीकडच्या काळातच आली. पक्षाघातानंतर हा आकडा लगेच वाढत नाही. दिवसागणिक चढत जातो, साधारण दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोचतो आणि नंतर कित्येक महिने हळूहळू उतरत राहतो. ज्यांच्या मेंदूचा जास्त भाग गेला त्यांच्यात तो जास्त चढतो आणि अशा लोकांची तीन महिन्यांनंतरची अवस्था सरासरीने वाईट असते. इथपर्यंत सगळं बरोबर.

अडचण पुढे आहे. किती तारा तुटल्या, याचा अंदाज हा आकडा देतो. कोणत्या तारा तुटल्या, ते तो सांगू शकत नाही. आणि चालणं, हात हलवणं, बोलणं हे सगळं तर त्या 'कोणत्या'वर अवलंबून असतं. मेंदूच्या खोल भागात एक अरुंद पट्टा आहे. हातापायांकडे जाणाऱ्या बहुतेक सगळ्या तारा तिथून दाटीवाटीने जातात. तिथे हरभऱ्याएवढी जागा गेली तरी अख्खी एक बाजू लुळी पडू शकते. उलट दुसऱ्या एखाद्या भागात याच्या कितीतरी पट मोठी जागा गेली, तरी माणूस आठवड्याभरात स्वतःच्या पायांनी चालत घरी जातो. रक्तातला आकडा मात्र दुसऱ्या माणसाचा जास्त येईल. शिवाय वय वाढलं की तो वाढतो, मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढतो, मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या असतील तरी वाढू शकतो. तुमच्या बाबांची साखर बघता ही शेवटची शक्यताही धरून चालावं लागेल. असा आकडा हाती आला तर तो वाचायचा कसा?

हृदयाच्या झटक्यात ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारं प्रथिन) बघतात तसं मेंदूसाठी काही मिळावं, याच्या शोधात जगभरचे संशोधक कित्येक वर्षं आहेत. जीएफएपी नावाचं प्रथिन आहे. मेंदूत रक्तस्राव झाला तर ते पहिल्या काही तासांतच झपाट्याने वाढतं, गुठळीच्या पक्षाघातात सावकाश वाढतं. त्यामुळे रक्तस्राव की गुठळी हे लवकर ओळखायला त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे. कोपेप्टिन आहे. ते शरीरावर किती ताण आलाय ते दाखवतं आणि पुढच्या धोक्याचा अंदाज बांधायला थोडी मदत करतं. दाह दाखवणारं इंटरल्युकिन-६ आहे, हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी आहे. पण २००९ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा एक गोष्ट समोर आली, आणि नंतरच्या अभ्यासांतही ती वारंवार दिसत राहिली. पेशंटचं वय आणि पक्षाघाताची तीव्रता हे दोन मुद्दे आधी हिशेबात धरले, की रक्ताच्या आकड्याने त्या अंदाजात फारशी भर पडत नाही. तीव्रता मोजतात ती खाटेशेजारी उभं राहून. हात वर धरा, पाय उचला, हसून दाखवा, हे चित्र काय आहे सांगा, अशा तपासणीतून ० ते ४२ असा गुण काढतात, त्याला एनआयएचएसएस म्हणतात. बाबांच्या फाईलमध्ये पहिल्या दिवसाच्या पानावर तो असेल. तुमच्या वहीत मात्र तो नाही, म्हणून लिहिते आहे. तो उतरवून घ्या आणि आजचा किती, ते डॉक्टरांना विचारा.

आता वहीतले बाकीचे आकडे. यातला प्रत्येक आकडा काहीतरी सांगतोय. फक्त तुम्ही त्याला जे विचारताय, त्याचं उत्तर त्याच्यापाशी नाही.

८.४ या गुणोत्तराने तुमची झोप उडवलेली दिसते. पक्षाघात झाला की शरीरात ताणाची संप्रेरकं उसळतात. त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. लिम्फोसाइट कमी झाले की जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात इतक्या जणांना न्यूमोनिया होतो, त्यामागे गिळायला होणाऱ्या त्रासाबरोबर हेही एक कारण आहे. आणि न्यूमोनिया झाला की न्यूट्रोफिल आणखी वाढतात. तुम्ही ज्या दिवसाची रक्तपेशींची तपासणी (सीबीसी) घेऊन भागाकार केलात, त्या दिवशी बाबांना ताप होता, सीआरपी ९६ होतं. त्या दिवशी ते गुणोत्तर वाढलेलं असणारच होतं. तापाच्या दिवशीच्या आकड्यावरून सहा महिन्यांनंतरच्या हाताबद्दल काहीही ठरवता येत नाही. आणि ती पाचाची रेघ? प्रत्येक अभ्यासात आपापल्या पेशंटांच्या आकड्यांवरून रेघ ओढलेली असते. एकाची तीनावर, दुसऱ्याची पाचावर, तिसऱ्याची आणखी कुठे. रेघेच्या वरच्या गटात वाईट निकाल जास्त दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. त्या गटातले पुष्कळ लोक सुधारलेले असतात आणि खालच्या गटातले काही सुधारलेले नसतात. बाबा त्यांतले कोण, हे त्या रेघेला माहीत नाही.

सीआरपी ९६ वरून २२ वर आलं, ही मात्र चांगली बातमी आहे. न्यूमोनियाचं औषध लागू पडतंय असा तिचा अर्थ. ती त्याच अर्थाने घ्या. डी-डायमर म्हणजे शरीरात कुठेतरी गुठळी होतेय आणि विरघळतेय याची खूण. वय, संसर्ग, पडून राहणं, खुद्द पक्षाघात, सगळ्यांनीच ते वाढतं. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट असतील तर एकक आधी बघा. हे दोन पद्धतींनी मोजतात आणि एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या जवळपास दुप्पट येतो. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'दुप्पट झालं' म्हणून घाबरलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. या आकड्यापेक्षा बाबांच्या पायाकडे लक्ष ठेवा. लुळ्या पायाची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटली, किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याच घटकेला डॉक्टरांना सांगा. पायात झालेली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.

अल्ब्युमिन कमी आहे म्हणून ते सलाईनमधून भरून काढावं, असं कुणी सुचवलं तर थांबा. पक्षाघाताच्या पेशंटना मोठ्या मात्रेत अल्ब्युमिन देऊन पाहिलं गेलं आहे. अलायस नावाच्या त्या चाचणीचे निकाल २०१३ साली आले. बरं होण्यात काही फरक पडला नाही, उलट फुप्फुसात पाणी साचण्याचं प्रमाण वाढलं. साखरेचंही तसंच. दाखल होताना साखर जास्त असलेले पेशंट कमी सुधारतात हे खरं, म्हणून ती इन्सुलिनने अगदी काटेकोर खाली ठेवून पाहिली. २०१९ च्या शाइन चाचणीत ११५१ पेशंट होते. तीन महिन्यांनंतर दोन्ही गट सारखेच निघाले, आणि काटेकोर गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग जास्त घडले. आकडा वाईट निकालाच्या सोबतीने येतो, म्हणून तो आकडा दुरुस्त केला की निकालही दुरुस्त होईल, असं होत नाही. हे इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण पुढच्या काही महिन्यांत तुम्हाला कुणी ना कुणी 'हे वाढवा, ते कमी करा' सांगत येईल. कमी अल्ब्युमिनचा कामाचा अर्थ वेगळा आहे : अंगात दाह आहे आणि बहुधा पोटात पुरेसं जात नाही. बाबांचं गिळणं नीट तपासलंय का? आहारतज्ज्ञांनी पाहिलंय का? वजन उतरतंय का? एवढं विचारा.

तुमच्या वहीतला एकच आकडा मी लाल शाईने अधोरेखित करीन. एचबीए१सी ७.९. तो मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा हिशेब देतो. म्हणजे पक्षाघाताआधीपासूनच बाबांना मधुमेह होता. माहीत होता की नव्हता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुसरा झटका टाळायचा असेल तर याच्यावर काम करता येतं. त्याच्याबरोबर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, किती आहे ते बघा. रक्तवाहिनीत चरबीचा थर साचल्यामुळे पक्षाघात झाला असेल, तर ते ७० च्या खाली ठेवल्याने पुढचे झटके कमी होतात, हे २०२० साली छापून आलेल्या चाचणीत दिसलं आहे. रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांची लय हे आणखी दोन मुद्दे. गुठळी हृदयातून आली की मानेच्या रक्तवाहिनीतून, त्यावर पुढची औषधं ठरतात. हा प्रश्न डिस्चार्जच्या आधी विचारा. आणि बाबा मध्येच सुस्त झाले, गोंधळल्यासारखं बोलू लागले, तर सोडियम तपासून घ्यायला सांगा. ते खाली गेलेलं असलं तर दुरुस्त करता येतं, आणि माणूस पुन्हा व्यायामाला साथ देऊ लागतो.

आता ते बोट.

नेदरलँड्समध्ये गुठळीचा पहिलाच पक्षाघात झालेल्या लोकांचा एक अभ्यास झाला, २०१० साली तो छापून आला. पेशंटला हात खांद्यातून बाजूला उचलायला आणि मिटलेली बोटं उघडायला सांगायचं, बस. पहिल्या तीन दिवसांत ज्यांना या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमल्या, त्यांच्यापैकी ९८ टक्के लोकांच्या हाताला सहा महिन्यांनी काही ना काही उपयोगाची हालचाल आली होती. ज्यांना जमल्या नाहीत त्यांच्यात ही शक्यता २५ टक्के होती, आणि नवव्या दिवशीही जमल्या नाहीत तर १४ टक्के. 'काही ना काही उपयोगाची' हे शब्द नीट लक्षात ठेवा. त्याचा अर्थ पूर्ववत हात असा नाही, पेला धरता येणं, कपडा ओढता येणं अशा स्वरूपाचा आहे. त्याच मंडळींनी चालण्याबद्दलही पाहिलं : आधाराशिवाय तीस सेकंद बसता येणं आणि दुबळ्या पायात थोडी तरी ताकद असणं, ही दोन्ही लक्षणं पहिल्या तीन दिवसांत असतील तर सहा महिन्यांनी ९८ टक्के लोक स्वतंत्रपणे चालत होते. नसतील तर २७ टक्के, आणि नवव्या दिवशीही नसतील तर १० टक्के.

रक्ताच्या थेंबाची गरज नाही, यंत्राची नाही. पहिल्या तीन दिवसांत बाबांचा हात कसा होता ते मला माहीत नाही. काल तुम्हाला दिसलेली हालचाल कुठल्या दिशेची होती, तेही माहीत नाही. म्हणून मी तुम्हाला टक्केवारी देणार नाही. पण बघायचं कसं ते सांगते. बाबांचा डावा हात उशीवर सैल ठेवा, मनगटाखाली घडी केलेला टॉवेल द्या. त्यांना म्हणा, "बाबा, बोटं उघडा." मग हात लावू नका आणि दहापर्यंत मोजत थांबा. मेंदूचा निरोप अजून उशिरा पोचतोय, त्याला वेळ लागतो. बोटं आत वळणं आणि बाहेर उघडणं यात फरक आहे. जांभई देताना किंवा खोकताना हात आपोआप आखडतो, ते यात धरायचं नाही. सांगितल्यावर, स्वतःच्या इच्छेने, बाहेरच्या दिशेने, अर्धा इंच का होईना उघडलं, तर ती हालचाल खरी. फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि त्यांच्या नोंदीत लिहायला लावा. बसण्याची चाचणी मात्र एकट्याने करू नका. त्यांना पलंगाच्या कडेला बसवताना कुणीतरी जाणकार शेजारी हवा. आणि काहीही झालं तरी डावा हात धरून त्यांना उठवू नका. लुळा खांदा सहज दुखावतो आणि तो दुखरा झाला की पुढचा व्यायाम अडतो.

अजून एक बघा. ताटात डावीकडचे पदार्थ तसेच राहतात का? डावीकडून हाक मारली तर मान वळवतात का? मेंदूची उजवी बाजू दुखावली की काही पेशंटना जगाची डावी बाजू उरतच नाही. दिसत असूनही त्यांचं तिकडे लक्ष जात नाही. असं असेल तर सुधारणेचा वेग मंदावतो आणि त्यासाठी वेगळा व्यायाम लागतो. हे दाखवणारी रक्ततपासणी नाही. जेवताना शेजारी बसणाऱ्या मुलीलाच ते आधी कळतं.

माझी स्वतःची भीती वेगळीच आहे, ती लिहून टाकते. कित्येक वर्षं मी वॉर्डात काम केलं. वाईट आकडा हाती आल्यावर घरातल्यांचा सूर बदलताना पाहिलाय. आवाज उतरतो. व्यायामाची एक वेळ चुकते, मग दुसरी. 'आता काय उपयोग' हे कुणी बोलत नाही, पण पेशंटला ते ऐकू येतं. सहा महिन्यांनी तो आकडा खरा ठरतो, आणि त्याला खरं कुणी केलं हे कुणीच विचारत नाही. सुधारणेचा सगळ्यात वेगाचा काळ पहिले तीन महिने. त्यातले अकरा दिवस गेलेत, त्यातलेही बरेचसे तापात. उरलेले दिवस फार मोलाचे आहेत. पण म्हणून दिवसभर राबवायचंही नाही. अगदी पहिल्या २४ तासांपासून खूप जास्त हालचाल करवून पाहिली, तेव्हा निकाल बिघडले होते. २०१५ च्या त्या चाचणीत दोन हजारांवर पेशंट होते. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा, आणि प्रत्येक वेळी कामाची हालचाल : पेला धरणं, बटण लावणं, कुशीवर वळणं. मधे झोप. आणि बाबा गप्प गप्प होऊ लागले, व्यायाम नको म्हणू लागले, तर त्याला आळस समजू नका. पक्षाघातानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. त्याच्यावर उपचार आहेत.

तुमच्या दवाखान्यात न्यूरोफिलामेंटवर संशोधन चालू असेल आणि त्यांनी बाबांच्या रक्ताचा नमुना मागितला, तर बाबांना विचारून जरूर द्या. पुढे कुणाच्या तरी मुलीला त्यातून जास्त नेमकं उत्तर मिळेल.

राहिला बाबांचा प्रश्न. "माझा हात येईल का गं?" याला "हो, नक्की" म्हणू नका, त्यांना ते खोटं वाटेल. "काही सांगता येत नाही"ही म्हणू नका. मी पेशंटना जे सांगत आले तेच तुम्हाला सांगते : "किती येईल ते आज कुणालाच माहीत नाही, बाबा. पण काल बोट हललं, ते मी पाहिलं. आज परत बघू." मग हात उशीवर ठेवा आणि दहा मोजा.

वहीत उद्यापासून उजव्या पानावर रिपोर्ट लिहा आणि डाव्या पानावर तारीख घालून हे : बोटं उघडली का, किती सेकंद बसले, ताटाची डावी बाजू संपली का, किती वेळ जागे होते. डॉक्टर राउंडला आले की डावं पान आधी वाचून दाखवा. आणि पुढच्या पत्रात मला एवढं कळवा, काल हललं ते बोट कोणतं होतं.